नळाची वेळ

"तुमचे वडील जिवंत सुटले होते," समोरचे गृहस्थ म्हणाले, आणि तिने काय केलं तर अंगातला शिशाचा एप्रन काढून भिंतीवरच्या खुंटीला नीट अडकवला. दोन्ही खांदे सारखे आलेत ना तेही पाहिलं. गृहस्थ युद्धनोंदणी कार्यालयातून आले होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे, काखेत फीत बांधलेली फाईल. रुग्णालयाच्या तळघरातल्या एक्स-रे विभागाबाहेर, हातपाय मोडलेल्यांच्या बाकावर ते निमूट बसून राहिले होते आणि पाळी आल्यावर आत आले तेव्हा तिने सवयीने विचारलंही होतं, "कुठे दुखतंय?" ते ओशाळून हसले होते. मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. पलीकडच्या देशाने युद्धकैद्यांच्या छावण्यांच्या याद्या इतक्या वर्षांनी खुल्या केल्या होत्या. स्मारकाच्या भिंतीवर 'मृत' म्हणून कोरलेली नावं त्या याद्यांशी ताडून पाहायचं काम त्यांच्याकडे होतं. तिच्या वडिलांच्या नावापुढे सुटकेची तारीख होती, सही होती, कुठल्या गाडीत बसवलं त्याचा क्रमांकही होता. "त्यापुढे मात्र माग लागत नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, जवळजवळ तिची माफी मागत, "बाई, कसं सांगू. काही जण सुटले, पण घरी आले नाहीत. तिकडेच कुठेतरी दुसरा संसार थाटला. तुमच्या वडिलांचं तसंच झालं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या कानावर कधी काही आलं असेल तर." त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव होती. बायकामुलीला टाकून गेलेल्या माणसाच्या मुलीकडे बघावं तसे ते बघत होते. "मला काही कल्पना नाही," ती म्हणाली. "मग 'बेपत्ता' असं लिहू? उद्या चारपर्यंत यादी भिंतीच्या कारागिराकडे जाईल." "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा," ती म्हणाली, आणि बाहेर डोकावून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्यानंतर तिने सात फिल्मा काढल्या. दोन मनगटं, एक घोटा, चार छात्या. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. माणसं आज्ञाधारकपणे छाती फुगवत होती, आणि प्रत्येक वेळी 'धरून ठेवा' म्हणताना तिचाही श्वास आत अडकत होता आणि 'सोडा' म्हटल्यावरही सुटत नव्हता. मला काही कल्पना नाही. जीभ किती सफाईने चालली. कुठे अडखळली नाही, सुकली नाही, अठ्ठेचाळीस वर्षांच्या सरावाची जीभ ती. कारण वडील घरी आले होते. सुटकेच्या तारखेनंतर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, पायी आले होते. नंतर छत्तीस वर्षं त्यांच्याच घरात राहिले आणि याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या खाटेवर गेले. ते गेल्याच्या कागदावर सही तिनेच केली होती. कागदावर नाव तिच्या मामाचं होतं. नात्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: भाची.

घरी जाताना ती बसमध्ये चढली नाही, चालत निघाली. पाय दुखले तर बरंच, असं काहीसं मनात होतं. दुकानांच्या काचांत एक जाडसर, पांढऱ्या केसांची बाई तिच्याबरोबर चालत होती आणि तिच्याकडे बघायची तिला इच्छा नव्हती. ती पाच वर्षांची असताना वडील लढाईवर गेले. मग सरहद्दच सरकली आणि आई तिला घेऊन, एक बोचकं आणि स्वतःच्या तापाने फणफणलेल्या भावाला घेऊन, हजारो माणसांबरोबर इकडे आली. भाऊ वाटेतच गेला. त्याला रस्त्याच्या कडेला पुरलं आणि त्याची कागदपत्रं आईने बोचक्यात ठेवून दिली. का ठेवली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. इकडे पत्र्याच्या लांबलचक बराकीत चाळीस कुटुंबं राहत होती, मध्ये चादरी टांगून. कुणी शिंकलं तर पलीकडच्या टोकाचा माणूस नाक पुसायचा, असं आई पुढे हसत सांगायची. तिथे एक जण भेटला, वडिलांच्याच तुकडीतला. त्याने शपथेवर सांगितलं की त्यांना पडताना मी डोळ्यांनी पाहिलं. आईने विधवेच्या अर्जावर अंगठा उमटवला. विधवांना आधी विटांच्या चाळीत खोल्या मिळत होत्या. दुसरा मजला, एक खोली, ओट्यापुरता कोपरा, आणि चौकट नसलेली एक खिडकी, म्हणजे भिंतीत ठेवलेलं भोकच. आईने त्याला पोतं लावलं आणि म्हणाली, आता आपलं दार आपण लावायचं. आईने त्यात लबाडी केली नव्हती. तिने खरोखरच रडून घेतलं होतं.

दार वाजलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिनेच उघडलं. उंबऱ्यात एक माणूस उभा होता, डोक्यावर केस नाहीत, तोंडात पुढचे दात नाहीत, पायांना चिंध्या. तिला पाहून तो जागच्या जागी खाली बसला. हात पुढे केला, तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. तिने मागे वळून हाक मारली, "आई, कुणीतरी भीक मागायला आलंय." हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, आणि बाबांनीही कधी काढलं नाही. आई ओल्या हातांनी आली. क्षणभर बघत राहिली, मग त्याला दंडाला धरून आत ओढलं, दार लोटलं, आणि मिठी मारायची सोडून त्याच्या तोंडावर हात दाबला, कारण त्याच्या घशातून एक आवाज यायला लागला होता आणि चाळीच्या भिंती पातळ होत्या. शेजारच्या बाईने बाहेरून विचारलंच, "कोण आलंय गं?" आईचा हात तसाच त्याच्या तोंडावर होता. "माझा भाऊ," आई म्हणाली.

एवढ्यावर झालं. नवरा परत आला तर विधवेची खोली जायची, पुन्हा बराकीत रांगेच्या शेवटाला, आणि वर खोट्या अर्जाची चौकशी. म्हणून चार महिने, फार तर वर्षभर मामा म्हणायचं, असं ठरलं. भावाची कागदपत्रं बोचक्यातून निघाली. "सरकारला मामा बनवायला निघालीस," बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "आणि बनवलंस मला." त्या दिवसांत ते बोलल्याचं तिला आठवतं ते हे एवढंच, आणि आई हसता हसता ओट्याला टेकून रडायला लागली तेही. बाबा मूळचे सुतार. पहिली चौकट त्यांनी आपल्या खिडकीला बसवली, मग शेजाऱ्यांच्या, मग सगळ्या चाळीच्या. खिडकीवाले मामा. दोन वर्षांत ते अख्ख्या वसाहतीचे मामा झाले, थोरामोठ्यांचेसुद्धा, त्यामुळे तिने मामा म्हटलं तर त्यात वेगळं काही उरलंच नाही. ओट्याच्या कोपऱ्यात, कपाटामागे, ते झोपायचे. फळीवर त्यांचा स्वतःचा फोटो होता, दाट केसांचा, गणवेशातला, आणि आईला उंची पुरत नसल्यामुळे त्याची काच तेच पुसायचे. शेजारची बाई एकदा त्यांना म्हणाली, "फार देखणा होता हो तुमचा मेव्हणा." "होता खरा," बाबा म्हणाले आणि फडकं झटकलं.

वर्ष उलटलं, तीन उलटली. मामाचं नाव कामाच्या ठिकाणी लागलं, तिचं नाव शाळेत 'पितृहीन' म्हणून लागलं. त्याच शिक्क्यावर वह्या मिळाल्या, मग फी माफ झाली, मग एक्स-रेच्या शिक्षणाची राखीव जागा, मग ही नोकरी. एकेक वीट अशी बसत गेली की खालची काढायची म्हटली तर घरच खाली यावं. लग्नाच्या रजिस्टरात 'वधूचे वडील' पुढे 'मृत' असं लिहून झालं आणि साक्षीदार म्हणून मामांनी सही केली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती केस विंचरत होती आणि ते दाराला कडी घालून आले, समोर उभे राहिले. "आई बाजारात गेलीय," ते म्हणाले. "दार लावलंय. एकदा म्हण." तिला कळलं होतं. आरशात तिने त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय म्हणू?" मग "काही नाही," म्हणाले, आणि कडी काढून गेले.

घराचा जिना तिला चढवेना. खालच्या पायरीवर ती बसली. नवरा गावाला गेलेला, वर कुणीच नव्हतं, तरी वर जायचं तिच्या जिवावर आलं. बाबा साठीचे असताना त्यांना खोकला लागला तेव्हा तिनेच त्यांची फिल्म काढली होती. गार पाटीला छाती टेकवून ते उभे राहिले, आणि ती आतल्या काचेमागून म्हणाली, "श्वास घ्या, मामा. धरून ठेवा." अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, रसायनात बुडवलेल्या फिल्मवर त्यांची छाती हळूहळू वर आली. डाव्या तीन बरगड्या जुन्या मोडलेल्या, आपल्या आपण, वेड्यावाकड्या सांधलेल्या. गळ्याचं हाड एकावर एक चढून जुळलेलं. छावणीतल्या वर्षांबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते आणि तिने विचारलं नव्हतं. ते सगळं इथे आत होतं, आणि जगात ते वाचू शकणारी जी काही थोडी माणसं असतील त्यांत ती एक होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून विचारलं, "मामा कधी पडले होते का हो? चांगलेच पडलेले दिसतात." "शिडीवरून," ती म्हणाली. पडद्यामागे सदरा घालता घालता बाबांनी ते ऐकलं. घरी जाताना बसमध्ये, बराच वेळ बाहेर बघून झाल्यावर, ते म्हणाले, "शिडी बरी सुचली तुला."

आईचं मात्र तिला फार उशिरा कळलं, रुग्णालयात नोकरीला लागल्यावर, दुसऱ्याच एका बाईची कहाणी ऐकताना. ती बारा वर्षांची होती तेव्हा आई एकदा तीन दिवस 'ओळखीच्या बाईकडे' राहायला गेली होती. परत आली ती चुन्यासारखी पांढरी, भिंत धरून. विधवेला दिवस राहून चालणार नव्हतं. ते तिन्ही दिवस बाबा एक फळी तासत बसले होते, कुणाच्या मापाची नाही, कशाची नाही, तासत तासत ती हातात धरता येईनाशी झाली. तिला राग आला होता की जेवणाचं कुणी बघत नाही.

आणि पायरीवर बसल्या बसल्या ती त्या गोष्टीपाशी आली जिच्याभोवती आज सकाळपासून, खरं तर जन्मभर, ती अंग चोरून फिरत होती. आईला इथली लिपी वाचता येत नव्हती, बाबांनाही तेव्हा येत नव्हती. ती शाळेत जात होती. म्हणून वसाहतीच्या नळाशेजारच्या फलकावर काही लागलं की धावत जाऊन वाचून यायचं आणि घरी सांगायचं, हे तिचं काम होतं. त्याचा तिला तोरा होता. ती अकरा वर्षांची होती तेव्हा एका सकाळी तिथे पिवळट कागद लागला. तिने तो दोनदा वाचला. लिहिलं होतं की कैदेतून परतलेले जे पती, पुत्र वा पिता अन्य नावाने वा अन्य नात्याने राहत असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत कार्यालयात खरी नोंद करावी. खोली काढून घेतली जाणार नाही. कोणासही शिक्षा होणार नाही. शब्द सोपे होते. एकही अडला नाही.

त्याच आठवड्यात शाळेत तिची निवड झाली होती. हुतात्म्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर उभं राहून 'माझे वडील' हा निबंध ती वाचणार होती. नवे बूट मिळाले होते. निबंधातले वडील फोटोतले होते, दाट केसांचे, शेवटच्या गोळीपर्यंत लढलेले. बाई वर्गात सांगत की देशासाठी प्राण देणारे वेगळे आणि हात वर करणारे वेगळे, आणि मधल्या सुट्टीत मुलं कैदी-कैदी खेळायची, डोक्यावर हात ठेवून गुडघ्यांवर चालायची आणि बाकीची हसायची. घरात जो माणूस होता त्याच्या ओठांतून जेवताना घास गळायचा. दार आपटलं की तो टेबलाखाली जायचा. त्याला मामा म्हणणं सोपं होतं, मामा कुणाचाही कसाही असू शकतो. ती नळावरून घरी आली. आईने विचारलं, "काय लिहिलंय गं?" बाबा चौकटीला रंधा मारत होते, त्यांनी हात थांबवला आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काही नाही. नळाची वेळ बदललीय. उद्यापासून साडेपाचला."

दुसऱ्या दिवशी आई साडेपाचला दोन बादल्या घेऊन गेली आणि कोरड्या बादल्या घेऊन परत आली. "पुन्हा बदलली असेल," आई म्हणाली, तिच्यावर जराही न रागावता. कुणाला विचारणं आईच्या स्वभावात राहिलं नव्हतं. गुपित असलेलं माणूस नळावर फार बोलत नाही. महिना संपला, कागद पावसाने फाटला, वर दुसरा चिकटवला गेला. तिने व्यासपीठावर निबंध वाचला. लोक रडले. मागच्या रांगेत भिंतीला टेकून मामा उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. आई तीन दिवस राहायला गेली ती त्यानंतर आठ महिन्यांनी.

गृहस्थ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. युद्धनोंदणी कार्यालय एका जुन्या बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. कपाटं, दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे, खिडकीत एक पंखा. ते गृहस्थ डबा खात होते. तिला पाहून त्यांनी झाकण लावलं. "बसा. काही आठवलं का?"

"आठवायचं काही नाही," ती म्हणाली. "ते घरी आले होते. माझे मामा म्हणून राहिले. बारा वर्षांपूर्वी गेले. मी काल खोटं बोलले."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एक जाड रजिस्टर पुढे ओढलं. परतल्याचा दिवस विचारला, मामाचं नाव विचारलं, मृत्यूची तारीख विचारली, आणि ती सांगत गेली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "एक सांगू का बाई, तुमच्या त्या वसाहतीत मामा फार होते. मामा, काका, दीर. माझ्या यादीतच अकरा निघालेत, तुमचे बारावे. शेजारी शेजारी राहायचे आणि एकमेकांपासून लपवायचे." ते उठले, कपाटातून एक गठ्ठा काढला, त्यातला एक पिवळट कागद तिच्यासमोर ठेवला. "आणि खरं म्हणजे गरजच नव्हती. दोन वर्षांतच हे परिपत्रक निघालं होतं. खोली जाणार नाही, शिक्षा होणार नाही. फलकावर लावलंही होतं. पण बऱ्याच जणांना इथली लिपी येत नव्हती. तुमच्या आईंना येत होती?"

"नाही."

"वडिलांना?"

"तेव्हा नाही."

"मग झालं तर. त्यात कुणाचा काय दोष." त्यांनी पेनाचं टोपण उचललं.

"मला येत होती," ती म्हणाली.

टोपण त्यांनी परत खाली ठेवलं. तिने सांगितलं. फलक, बूट, निबंध, नळाची वेळ, कोरड्या बादल्या. आईच्या तीन दिवसांपाशी आल्यावर ती गप्प झाली आणि त्यांनी विचारलं नाही. "तुम्ही अकरा वर्षांच्या होतात," ते म्हणाले.

"हो."

"अकराव्या वर्षी मुलांना काय कळतं."

"मला कळत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर दोनदा वाचलं."

त्यांनी मान हलवली. "हे नोंदीत घालायलाच हवं असं नाही. तारखा आणि नातं एवढं पुरे आहे. भिंतीवरचं 'मृत' निघेल. कुणी विचारणार नाही."

"पुढे कधी कुणी ही नोंद वाचली तर त्याला काय वाटेल? परिपत्रक निघालं, तरी ते आले नाहीत. असं का?"

"वाटेल की आईवडिलांनीच लपवलं. खोलीच्या लोभाने." ते म्हणाले.

"मग लिहा," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. सावकाश, कार्यालयाच्या भाषेत, रेघेच्या बाहेर न जाता. मग तिला वाचून दाखवलं: सदर परिपत्रक कन्येने वाचले होते, परंतु तिने ते आईवडिलांस सांगितले नाही. "बरोबर?"

"सांगितलं नाही असं नाही," ती म्हणाली. "विचारल्यावर खोटं सांगितलं. तसं लिहा."

क्षणभर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कालची कणव आता त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, आणि तिला त्याचं बरं वाटलं. मग त्यांनी 'सांगितले नाही' या शब्दांवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, वर बारीक अक्षरात दुरुस्ती केली, आणि दुरुस्तीखाली सही करायला रजिस्टर तिच्याकडे वळवलं.